रोज एक मिलिमीटर



गेल्या वर्षी जुलैत माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा फुटक्या काचेवर पडला. मनगटाजवळ खोल जखम झाली. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तुटलेली नस जोडली. रक्ताची नव्हे हं, निरोप नेणारी, मज्जातंतूंची नस. जखम भरली, पण करंगळीला गार-गरम काही कळेना. एके दिवशी तो रडवेला होऊन म्हणाला, "बाई, नस जोडली ना? मग माझी करंगळी मेली का?" त्यानं हाताचा व्यायामही सोडून दिला होता.

खरं सांगते, मलाही उत्तर येत नव्हतं. पुस्तकं धुंडाळली, तर ते सापडलं चक्क बेडकाच्या जिभेत!

ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरांनी बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापल्या आणि पुढे काय होतं ते सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. 1850 मध्ये त्यांनी ते लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं. कापल्या जागेपासून जिभेकडचे तंतू तुकडे होऊन नष्ट झाले, मेंदूकडचे मात्र शाबूत राहिले. कारण तंतूला पोसणारी पेशी त्या बाजूला असते. करंगळीच्या तंतूंच्या पेशी तर थेट मानेत असतात! म्हणजे डॉक्टर टाके घालून फक्त रस्ता जोडून देतात. त्या रस्त्यानं तंतूला नव्यानं वाढत जावं लागतं.

रस्ता कोण साफ करतं? उंदरांवरच्या अभ्यासातून कळलं, की हे काम श्वान पेशी करतात. (हसू नका! श्वान म्हणजे कुत्रा नव्हे, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव आहे.) रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या मदतीनं त्या आधी मोडतोड उचलतात. मग एकीमागे एक रांगेत उभ्या राहून वाट आखून देतात. तंतूचं टोक ती वाट चाचपडत पुढे सरकतं.

किती वेगानं? माणसात दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. उंदरात जरा जास्त.

मग मी फूटपट्टी घेतली. त्याच्या जखमेपासून करंगळीचं टोक 14 सेंटिमीटर, म्हणजे 140 मिलिमीटर. वर्गानं लगेच गणित केलं, "बाई, 140 दिवस!" त्यात सुरुवातीचे काही आठवडे मिळवायचे, कारण वाढ लगेच सुरू होत नाही. त्यानं वहीत दिवस मोजायला सुरुवात केली आणि व्यायामही. पण एक ताकीद दिली: करंगळीला चटका कळत नाही, तेव्हा गरम भांड्यापासून तिला डोळ्यांनी सांभाळायचं.

सगळे तंतू आपापल्या जागी पोचतातच असं नाही. काही वाट चुकतात. मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू तर तुटल्यावर असे वाढत नाहीत. म्हणून सायकलवर हेल्मेट घालायला कंटाळू नका.

आणि आमचा मुलगा? संक्रांतीला तिळगूळ घेऊन आला आणि ओरडलाच, "बाई, करंगळीला मुंग्या येतायत!" तिला अजून पूर्ण स्पर्श कळत नाही. पण ती मेली नव्हती. निरोप वाटेत होता.

आता तुम्ही पट्टी घ्या आणि मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजा बरं. तुमचे किती दिवस होतात?

तुमच्या बाई