पत्त्यांचा डाव आणि घरमालकाचा वाटा

ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संसदेने ज्या घाईने संमत केला, ती घाई लक्षात राहण्याजोगी होती. २० ऑगस्ट २०२५ रोजी विधेयक लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने त्यावर शिक्कामोर्तब केले. तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळले जाणारे सारे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, या कायद्याने निषिद्ध ठरवले. असा खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड, अशा शिक्षा त्यात आहेत. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारी अंदाज या वेळी पुढे ठेवण्यात आला. हिशेब केला तर हे नुकसान दरडोई साडेचारशे रुपयेही होत नाही. पण सरासरीचा आकडा येथे फसवा ठरतो. बहुसंख्य लोक थोडे गमावतात आणि काही थोडे लोक सर्वस्व गमावतात. कायद्याची गरज भासते ती या दुसऱ्या वर्गामुळे.

रमी आणि पोकर हे पत्त्यांचे दोन खेळ या कायद्याच्या तडाख्यात प्रथम सापडले. बहुतेक मोठ्या देशी कंपन्यांनी पैशांचे डाव त्याच आठवड्यात बंद केले. काहींनी न्यायालयाची वाट धरली. निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे घेतल्या. कंपन्यांचा मुख्य मुद्दा जुनाच आहे. पोकर हा बुद्धीचा खेळ आहे, बुद्धीचा खेळ म्हणजे जुगार नव्हे, आणि म्हणून तो चालवणे हा घटनेने दिलेल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, असे हे तर्कट आहे. ते खोडून काढण्यापूर्वी त्यात तथ्य किती, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.

तथ्य बरेच आहे. पोकरचा आज सर्वाधिक प्रचलित असलेला प्रकार असा: प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, पाच पाने सर्वांसमोर टप्प्याटप्प्याने उघडली जातात आणि दर टप्प्याला बोली लागते. हातात दोन एक्के येण्याचा संभव २२१ डावांत एकदा; ते कोणाला येतील हे सर्वस्वी दैवाधीन. परंतु हलकी पाने वेळीच टाकून देणे, समोरच्याची बतावणी ओळखणे, कितीची बोली कोणत्या शक्यतेला परवडते याचे गणित मांडणे, हे दैवाचे काम नाही. एका रात्रीत नवशिका तरबेज खेळाडूला हरवू शकतो. हजारो डावांनंतर तसे घडत नाही. तीन पत्तीच्या डावापेक्षा पोकर बुद्धीला अधिक वाव देतो, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

न्यायालयांत मात्र दुमत झाले आहे. कौशल्याचे प्राबल्य ज्यात आहे ती स्पर्धा जुगार ठरत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यात सांगितले. १९६८ साली रमीला आणि १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींना त्याचा लाभ मिळाला. पोकरची गाडी अडली. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून नाव घेऊन वगळले. गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये तोच खेळ नशिबाचा ठरवला. पत्ते तेच ५२, नियम तेच. हुगळीकाठी जी बुद्धी, ती साबरमतीकाठी दैव. एकाच प्रश्नाची इतकी विसंगत उत्तरे येऊ लागली, की उत्तरांपेक्षा प्रश्नच तपासून पाहावा लागतो.

तो तपासण्यासाठी एकाच खेळाचे दोन डाव शेजारी ठेवले पाहिजेत. गणपतीच्या जागरणाला पत्ते पिसले जातात, महाविद्यालयाच्या वसतिगृहात परीक्षा संपल्याच्या रात्री डाव रंगतो, कचेरीतले सहा सहकारी शनिवारी एकाच्या घरी जमतात. समजा, या सहा जणांनी प्रत्येकी ५०० रुपये आणले. पहाटेपर्यंत डाव चालला, कोणी हरले, कोणी जिंकले, तरी ३,००० रुपये त्या खोलीतच राहिले. हरणाऱ्याचे पैसे मित्राच्या खिशात गेले आणि पुढच्या शनिवारी ते परत येण्याची आशा राहिली. यजमानाने चहा पाजला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

हेच सहा जण एखाद्या कंपनीच्या ऑनलाइन टेबलावर बसले, असे आता मानू. तेथे प्रत्येक डावातून कंपनी आपला हिस्सा काढते. जुगाराच्या अड्ड्यावर याला ‘नाल’ म्हणतात. कंपनीच्या कागदपत्रांत त्याला सेवाशुल्क असे सोज्ज्वळ नाव असते. उदाहरणादाखल, डावातली सरासरी रक्कम २०० रुपये आणि नाल शेकडा ५ धरली, तर दर डावाला १० रुपये टेबलाबाहेर जातात. पत्ते पिसायला आणि वाटायला यंत्राला वेळ लागत नाही, त्यामुळे तासाला ६० डाव सहज होतात. म्हणजे तासाला ६०० रुपये गेले आणि पाच तासांत ३,००० रुपये गेले. सहाही जण सारख्याच कौशल्याने खेळले, तरी शेवटी सहाही जणांचे खिसे रिकामे होतात. जिंकते ते एकटे टेबल. या हिशेबात कौशल्य आणि नशीब हे शब्द कोठेच येत नाहीत.

रकमेइतकाच महत्त्वाचा आहे तो वेग. घरच्या डावात तासाला पंचवीस-तीस डाव झाले तरी पुष्कळ; मध्ये गप्पा होतात, कोणी जांभई देतो, घरातली मंडळी दिवा मालवायला सांगतात. एखादा मित्र भलतेच पैसे लावू लागला तर दुसरा त्याचा हात धरतो, कारण सोमवारी त्याच्याच शेजारी बसून काम करायचे असते. ही लाज, ही ओळख, हा संकोच हेच घरच्या डावाचे खरे कायदे आहेत. फोनवरच्या डावात त्यांतला एकही नाही. एकाच वेळी चार टेबलांवर खेळता येते, खात्यातले पैसे रात्री दोन वाजताही क्षणात भरता येतात, आणि घरातील कोणाला त्याची चाहूलही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या विकाराचा, मुख्यतः ऑनलाइन जडणारा, असा वेगळा प्रकार नोंदवला आहे, तो उगाच नव्हे.

शिवाय समोर कोण बसले आहे, हा प्रश्न उरतोच. द्यूतसभेत पणाला संपत्ती लागली ती दुर्योधनाची. फासे मात्र शकुनीने टाकले. युधिष्ठिराने ही विषम लढत स्वीकारली तेथेच तो हरला होता. निदान शकुनी कोण आहे, हे त्याला दिसत तरी होते. २००७-०८ च्या सुमारास परदेशातील दोन पोकर-संकेतस्थळांवर आतल्या मंडळींना इतरांची झाकलेली पाने दिसत होती, हे उघडकीस आले. २०१७ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे ‘लिब्रेटस’ नावाच्या संगणक-प्रणालीने चार नामांकित खेळाडूंना १ लाख २० हजार डावांच्या सामन्यात हरवले. २०१९ साली तिच्या उत्तराधिकारी ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावरही तीच करामत केली. खेळ कौशल्याचा आहे, हे यावरून निर्विवाद सिद्ध झाले. आणि ते कौशल्य आता माणसाच्या मालकीचे राहिलेले नाही, हेही. टोपणनावामागे बसलेला प्रतिस्पर्धी माणूस आहे की यंत्र, हे ओळखण्याचे कौशल्य मात्र बाजारात कोठे मिळत नाही.

‘कौशल्याचा खेळ’ या शब्दांनी न्यायालयाबाहेरही मोठे काम केले आहे. मटक्यात हरलेला गिरणी कामगार नशिबाला बोल लावून घरी जात असे. पोकरमध्ये हरलेला सुशिक्षित तरुण आपला अभ्यास कमी पडला असे मानतो आणि अभ्यास वाढवण्यासाठी पुन्हा पैसे भरतो. २००३ साली क्रिस मनीमेकर या अमेरिकन हिशेबनिसाने शंभर डॉलरांहून कमी पैशांत ऑनलाइन पात्रता मिळवून जागतिक स्पर्धा जिंकली आणि २५ लाख डॉलर कमावले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते. २००६ साली ते ८,७७३ झाले. एक कारकून जिंकला, याची वार्ता जगभर पोचली. हरलेल्यांची वार्ता करण्यात कोणाचाही फायदा नव्हता.

आश्चर्य असे, की विचारायला हवा होता तो प्रश्न आपल्या जुन्या कायद्याने दीडशे वर्षांपूर्वीच विचारला होता. १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातील ‘जुगारघरा’च्या व्याख्येचा गाभा घरमालकाचा नफा हा आहे: खेळाची साधने जेथे मालकाच्या वा चालकाच्या लाभासाठी ठेवली जातात, ते जुगारघर. मुंबई प्रांताच्या १८८७ च्या कायद्यातही पत्त्यांसारख्या खेळांपुरती हीच कसोटी आहे. कंपन्यांचे वकील ज्या १९६८ च्या निकालाचा हवाला देतात, तो सिकंदराबादच्या एका क्लबाचा होता. रमी कौशल्याचा खेळ आहे, हे त्यातले वाक्य सर्वांना पाठ आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून किंवा अन्य खेळातून घराचा वा क्लबाचा मालक नफा मिळवत असेल, तर गुन्हा शाबित होऊ शकतो, असेही त्याच निकालात म्हटले आहे. त्याचा उल्लेख क्वचितच होतो. कौटिल्यालाही हे ठाऊक होते. त्याचा द्यूताध्यक्ष कौशल्याची चर्चा करीत बसत नाही. फासे पुरवतो आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ कापून घेतो.

या दृष्टीने पाहता नव्या कायद्याने कौशल्य आणि नशीब यांचा घोळ मोडीत काढला, हे योग्यच झाले. सज्ञान माणसाने आपले पैसे कसे उधळावे हे सरकारने का ठरवावे, हा आक्षेप तत्त्वतः वजनदार आहे; पण येथे शिक्षा खेळणाऱ्याला नाही, त्याच्या खेळावर दुकान मांडणाऱ्याला आहे. रोजगार आणि कर बुडतील, या आक्षेपात मात्र तथ्यापेक्षा सवय अधिक आहे. तो मान्य केला तर कोणताही अड्डा बंद करता येणार नाही.

खरा धोका निराळा आहे. देशी दुकान बंद झाले, की गिऱ्हाईक परदेशी दुकानात जाते. अमेरिकेने २००६ साली या खेळांकडे जाणारा पैशांचा ओघ रोखणारा कायदा केला. तरी परदेशात ठाण मांडलेली संकेतस्थळे १५ एप्रिल २०११ रोजी खटले भरले जाईपर्यंत अमेरिकन गिऱ्हाइके घेतच होती. त्यांतील ‘फुल टिल्ट’ ही कंपनी खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि तिच्या खात्यांत होते जेमतेम ६ कोटी, असे सरकारी वकिलांनी सांगितले. पुढे २०१३ मध्ये नेवाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी या राज्यांनी परवाना देऊन हा खेळ सुरू केला. बंदी कागदावर घालणे सोपे आहे. बँका आणि रक्कम पोचवणारी माध्यमे यांच्यावर अहोरात्र नजर ठेवणे अवघड आहे, आणि बंदीचे यश त्यावरच ठरणार आहे.

दुसरी अडचण सरकारच्या नैतिक अधिकाराची. ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर शेकडा २८ कर घेण्यात आला; म्हणजे जवळजवळ दोन वर्षे सरकार टेबलावर नाल घेत बसले होते. गोव्यात १९७६ च्या कायद्यात नव्वदच्या दशकात झालेल्या दुरुस्त्यांमुळे मांडवीच्या पात्रात कॅसिनोंच्या बोटी उभ्या राहिल्या. तेथील टेबलांना २०२५ चा कायदा हात लावत नाही. महाराष्ट्राने १९७६ सालीच कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. मात्र १९६९ साली सरकारी लॉटरी काढताना या राज्याला संकोच वाटला नव्हता. मुंबईचा तरुण फोनवर खेळला तर बळी, आणि रात्रीच्या गाडीने पणजीला जाऊन खेळला तर पर्यटक, हा भेद त्याच्या कुटुंबाला समजावून सांगणे कठीण आहे.

मित्रांच्या डावाला या कायद्याने धक्का लागत नाही, आणि लागूही नये. पैसे न लावता फोनवर पोकर खेळणाऱ्यांनाही भिण्याचे कारण नाही. माणसे पत्ते कुटणारच. त्यातली चुरस, बतावणी आणि थट्टा हा निरुपद्रवी आनंद आहे. कायद्याने पाहायचे ते एवढेच, की टेबलावर न बसता प्रत्येक डावातून वाटा उचलणारा कोणी आहे काय. तो कंपनी असो, परदेशी संकेतस्थळ असो, नदीतली बोट असो की सरकारची तिजोरी असो, कसोटी एकच राहिली पाहिजे. ती सर्वांना सारखी लावण्याचे धैर्य दाखवले गेले, तर ऑगस्टमधील ती घाई क्षम्य ठरेल. एरवी एक घरमालक गेला आणि दुसरा आला, एवढाच तिचा अर्थ उरेल.