सिरादर्शन : तेल देण्यापूर्वी

"हातापायांच्या शिरा वर आल्या, काहीतरी लावायला द्या," अशी मागणी नवापूर परिसरात आम्ही वारंवार ऐकतो. बहुधा वातवृद्धीचा शिक्का बसतो आणि तेलाची बाटली रुग्णाच्या हाती पडते. आमच्या मते ही प्रथा सदोष आहे. दिसणारी शीर हा व्याधी नव्हे, ते लक्षण आहे.

त्वचा पातळ झाली, तिच्याखालील मेद घटला, शीर विस्फारली किंवा रक्ताच्या वाटेत अडथळा आला, तर शीर दिसू लागते. (आतले रक्त मात्र निळे नसते, तो त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशाचा परिणाम.) चरकाचार्यांनी ठळक सिराजाल वातप्रकृतीत सांगितले आणि अतिकृशाच्या लक्षणांतही सांगितले. पहिली प्रकृती, दुसरी विकृती. ऊसतोडीहून परतलेल्या धडधाकट मजुराच्या दंडावरील शिरांना चिकित्सा नको. परंतु नितंब सुकलेल्या, बरगड्या मोजता येणाऱ्या बालकाच्या अंगावर त्याच शिरा दिसल्या, तर अभ्यंगाचा सल्ला देऊन त्याला घरी पाठवणे हा अपराध होय. त्याचे वजन, दंडाचा घेर घ्यावा, त्याला पोषण पुनर्वसन केंद्राची वाट दाखवावी. पांडुत्व व सांधेदुखी सोबत असल्यास सिकलसेलची तपासणी करवावी. आपल्या आदिवासी पट्ट्यात ही शंका नेहमी मनात असावी.

उदरावरील शिरा अधिक बोलक्या असतात. जलोदराच्या वर्णनात त्यांचा उल्लेख आहेच. नाभीखालील शीर दोन बोटांनी दाबून, बोटे दूर सारून मधले रक्त निपटावे व एकेक बोट उचलून ती कोणत्या बाजूने भरते ते पाहावे. वरून खाली भरली तर यकृताकडील अवरोधाचा, खालून वर भरली तर अधोमहासिरेच्या अवरोधाचा संशय घ्यावा. या परीक्षेस एक पैसाही लागत नाही. तरीही ती किती चिकित्सालयांत होते? मद्यपी रुग्णात तर ती टाळूच नये.

पायांवरील वेटोळ्या शिरांचे मूळ सुश्रुतोक्त सिराज ग्रंथीत शोधता येते. दुर्बलाचे अतिश्रम हे कारण तेथे दिलेले आहे. येथे पाय उंच ठेवणे व आधारपट्टी उपयोगी पडते. एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर मात्र मर्दन वर्ज्य. आत रक्ताची गुठळी असू शकते व ती फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा.

आता औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन शब्द. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइड मलम लावणाऱ्या मुलींच्या गालांवर तांबड्या बारीक शिरांचे जाळे उमटते, कारण त्वचाच झिजते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे अनुसूची एचच्या कक्षेत आणली, तरी ती चिठ्ठीवाचून विकली जातात. गल्ल्यात पडणारे ते थोडे पैसे सोडवत नाहीत, हे आम्ही जाणतो. पण तीच मुलगी काही महिन्यांनी गाल झाकून आपल्याच दुकानात "रक्तशुद्धीचा काढा" मागायला येते, आणि आपण तोही विकतो.