बोटे दुखतात? 'वात आहे' म्हणून सोडून देऊ नका

सकाळची घाईची वेळ. मुलांचे डबे भरायचे असतात आणि नेमके तेव्हाच कुकरचे झाकण लागत नाही. कणीक मळताना बोटांतून कळ येते. सहज निघणारी अंगठी पेरात अडकून बसते. 'वाताचे असेल, थंडीने झाले असेल' असे म्हणत घरातली बाई बोटांना तेल चोळते आणि पुन्हा कामाला लागते. घरातल्यांच्या लक्षातही येत नाही.

अशाच एका अडतीस वर्षांच्या गृहिणीने वर्षभर बामवर दिवस काढले. मग कोणी तरी दिलेल्या पुड्या सुरू केल्या. दोन दिवसांत आराम पडला, पण काही महिन्यांत चेहरा सुजला, रक्तातली साखर वाढली. पुडी बंद केली की दुखणे दुप्पट होई. पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले होते. शेवटी त्या तज्ज्ञांकडे गेल्या. योग्य औषधांनी वेदना आटोक्यात आल्या, पण तोवर वाकडी झालेली दोन बोटे सरळ झाली नाहीत. वर्षभरापूर्वीच त्या आल्या असत्या तर बहुधा ती वाचली असती.

कोणता सांधा दुखतो?

बोटे दुखण्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून आधी नेमका कोणता सांधा दुखतो ते पाहा.

नखाजवळच्या पेरावर टणक गाठ आली असेल, अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल आणि काम केल्यावर दुखणे वाढत असेल, तर बहुधा तो झिजेचा संधिवात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस असतो. यात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कुर्चा झिजते. पाळी बंद होण्याच्या सुमारास हा त्रास अनेक स्त्रियांना सुरू होतो. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता जास्त. नखाजवळच्या या गाठींना अठराव्या शतकातील इंग्रज डॉक्टर विल्यम हेबर्डेन यांचे नाव दिलेले आहे. सकाळी बोटे आखडतात, पण साधारण अर्ध्या तासात मोकळी होतात.

दुसरा प्रकार अधिक गंभीर, तो म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. तळहाताला जोडणारे सांधे, मधली पेरे आणि मनगटे सुजतात, तीही बहुधा दोन्ही हातांची. सूज हाताला मऊ लागते. सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो. थकवा येतो, कधी बारीक ताप असतो. हा म्हातारपणाचा आजार नव्हे, तरुण वयातही होतो आणि स्त्रियांना अधिक.

याखेरीज चिकुनगुनियाचा ताप उतरल्यावरही बोटे महिनोन्‌महिने दुखू शकतात. २००६ च्या साथीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी हे अनुभवले. बोट वाकवल्यावर अडकते आणि 'टक्‌' असा आवाज होऊन सुटते, ते सांध्याचे नव्हे तर स्नायुरज्जूचे दुखणे. मधुमेहींमध्ये ते जास्त आढळते. सोरायसिस आणि गाउट यांमुळेही बोटे सुजतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सूज किंवा सकाळचा आखडलेपणा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर थांबू नका. एखादाच सांधा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. डॉक्टर रक्ताच्या काही तपासण्या आणि एक्स-रे सांगतील. 'आर. ए. फॅक्टर' नकारार्थी आला म्हणून निश्चिंत होऊ नका. आजार असूनही काहींमध्ये तो नकारार्थी येतो.

ऱ्हुमॅटॉइडमध्ये पहिले काही महिने फार मोलाचे असतात. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळेवर सुरू झाल्यास सांधे वाचतात. मात्र एक गोष्ट घरातल्या सर्वांनी लक्षात ठेवावी: या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. गोळीचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. गर्भवतींनी हे औषध घेऊ नये. मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांना सांगा. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नका. जठर आणि मूत्रपिंड दोन्हींना त्यांचा धोका असतो.

घरी काय करता येईल?

• सकाळी पाच-दहा मिनिटे हात सोसवेल इतक्या कोमट पाण्यात ठेवा. मग हळूहळू मूठ वळा, उघडा आणि अंगठ्याने प्रत्येक बोटाचे टोक स्पर्शा. असे दहा वेळा करा. सांधा गरम व सुजलेला असेल तर जोर लावू नका, थंड पाण्याची पट्टी ठेवा.

• ओले कपडे पिळू नका, नळाभोवती गुंडाळून दाबा. चादरी दुसऱ्या कोणाला पिळू द्या.

• बारीक मुठीच्या चमच्याला, सुरीला कापड गुंडाळून मूठ जाड करा. चिमटीत धरण्यावर अंगठ्याच्या मुळाशी कित्येक पटींनी ताण येतो.

• जड पातेले एका हाताने उचलू नका. दोन्ही तळहातांचा आधार द्या. पिशवी बोटांवर न लटकवता खांद्याला अडकवा.

• बोटे सुजू लागताच अंगठ्या काढून ठेवा.

काही गैरसमज

बोटे मोडल्याने संधिवात होतो, असे घराघरांत सांगतात. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड अंगर यांनी पन्नास वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्याची नाही. १९९८ साली त्यांनी लिहिले की दोन्ही हातांत फरक पडला नाही, संधिवात कुठल्याच हाताला नव्हता. एका माणसाचा हा प्रयोग, पण इतर पाहण्यांतही असा संबंध आढळलेला नाही.

दही, चिंच, टोमॅटो बंद केल्याने सांधे बरे होतात, यालाही भक्कम पुरावा नाही. एखादा पदार्थ खरोखर बाधत असेल तर तेवढाच टाळा. पथ्याच्या नावाखाली उपाशी राहून अशक्तपणा ओढवून घेऊ नका.

झिजेच्या संधिवातात झालेली झीज भरून येत नाही, पण हात कामाचे राहतात. ऱ्हुमॅटॉइडमध्ये तर वेळच सर्व काही आहे. घरातल्या मंडळींनो, आज रात्री जेवताना आईच्या किंवा सासूबाईंच्या हातांकडे जरा निरखून बघा. त्या स्वतःहून सांगणार नाहीत.