सर्व्हर डाऊन म्हणू नका, कुठं अडलंय ते सांगा

मंडळी, आज रस्ता, पाणी, एसटी यावर लिहीत नाही. विषय वेगळा आहे, पण आपल्याच पोरांचा आहे. थोडं लांब झालंय, सवडीनं वाचा.

सध्या आपल्याकडं एआयच्या एकदिवशी कार्यशाळांचं पीक आलंय. भोर असो, नसरापूर असो, वेल्हे असो. फ्लेक्स, सत्कार, दोन तास भाषण, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. अशा कार्यक्रमांच्या बातम्या मीच केल्यात, त्यामुळं आत काय चालतं ते माहीत आहे. चॅटमध्ये प्रश्न कसा टाकायचा, बायोडाटा कसा करून घ्यायचा, भाषण कसं लिहून घ्यायचं. वाईट काहीच नाही. पण एक गोष्ट मी अजून कुठल्याच कार्यशाळेत ऐकली नाही: हे बंद पडलं तर काय करायचं?

वेल्ह्याकडच्या खोऱ्यातला एक पोरगा भोरला राहून शिकतोय. प्रोग्रॅमिंगचा नाद आहे. त्यानं कमांड लाइनवर चालणारं एक एआय टूल घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: काळी खिडकी असते, माउसचं काम नाही, हुकूम टाइप करायचा. टूल तुमच्या फोल्डरातल्या फायली वाचतं, कोड लिहितं, चालवून बघतं. पण त्याचं डोकं लॅपटॉपमध्ये नसतं. डोकं, म्हणजे मॉडेल, असतं लांब कुठल्यातरी क्लाउडवर. मग टूलला चार गोष्टी सांगाव्या लागतात. पत्ता कुठला, किल्ली (एपीआय की) कुठली, मॉडेलचं नाव काय आणि विभाग कोणता. चारातली एक चुकली की काम ठप्प.

याचं ठप्प झालं. त्यानं काय काय केलं ते ऐका. टूल काढून परत टाकलं. मोबाईलचा डेटा संपला असेल म्हणून रिचार्ज मारला. एकानं सांगितलं, लॅपटॉप फॉरमॅट कर. दुसरा म्हणाला, सर्व्हर डाऊन असेल, उद्या बघ. यात दोन दिवस गेले. स्क्रीनवर तर पहिल्यापासून लिहिलेलं होतं, ४०४. कोणी वाचलंच नव्हतं.

मला याचं नवल वाटतं, कारण हीच आपली माणसं विहिरीवरची मोटर बंद पडली की असं वागत नाहीत. मोटर उचलत नाही म्हणून कोणी नवी मोटर आणत नाही. आधी स्टार्टरपाशी टेस्ट लॅम्प लावून बघतात, तिन्ही फेज आहेत का. तिथं नसेल तर मीटरपाशी. तिथंही नसेल तर डीपीवर. डीपीवर एक फेज गेलेली दिसली की वायरमनला फोन. म्हणजे अडलंय कुठं, हे टप्प्याटप्प्यानं शोधायची अक्कल आपल्यात आहे. ती काळ्या खिडकीपुढं गळून पडते, कारण खिडकी इंग्रजीत बोलते.

खरं तर ती फार कमी बोलते. आकडा देते, आणि आकड्याला अर्थ असतो. ४०१ आला तर किल्लीच ओळखली नाही, शिपायानं गेटवर अडवलं असं समजा. ४०३ म्हणजे आत घेतलं, पण या टेबलावरचं काम तुम्हाला मंजूर नाही. काही क्लाउडवर काही मॉडेलांसाठी खात्यात आधी परवानगी घ्यावी लागते, ती घेतलेली नसली की बहुधा हा येतो. ४२९ म्हणजे तुमचा कोटा संपला किंवा तुम्ही फार घाई करताय, थांबा. नव्या खात्याचा कोटा बऱ्याचदा कमी असतो, त्यामुळं हा आकडा नवख्या पोरांना जास्त भेटतो. ५०० च्या घरातला आकडा आला तरच दोष बहुतेक पलीकडचा. तेव्हा खुशाल म्हणा सर्व्हर डाऊन, आणि चहाला जा.

राहिला ४०४. तुम्ही मागितलेली वस्तू या पत्त्यावर नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या पोराचं तेच होतं. काही क्लाउडवर मॉडेल चालू करताना तुम्ही त्याला स्वतःचं एक नाव देता, आणि टूलमध्ये ते तुम्ही दिलेलं नाव लिहायचं असतं. यानं कंपनीच्या जाहिरातीतलं नाव लिहिलं होतं. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. वेल्हे तालुका आता कागदावर राजगड झाला, बोलताना आपण अजून वेल्हेच म्हणतो. दोन्ही एकच हे माणसाला कळतं. यंत्राला एक अक्षर इकडचं तिकडं चालत नाही.

अजून एक लबाड प्रकार सांगतो. पोरं सेटिंगच्या फाईलमध्ये नवी किल्ली टाकतात, तरी टूल जुनीच वापरतं. कारण कधीतरी ती किल्ली टर्मिनलच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये लिहून ठेवलेली असते, आणि बरीच टूलं आधी तिथली किंमत उचलतात. नवा सात-बारा हातात आहे आणि समोरचा जुनाच उतारा काढून वाचतोय, असला प्रकार. यावर टेस्ट लॅम्प आहे. टूल बाजूला ठेवायचं आणि कर्ल नावाच्या एका ओळीच्या हुकुमानं त्याच पत्त्यावर, त्याच किल्लीनं, छोटासा प्रश्न थेट पाठवायचा. उत्तर आलं तर घोळ टूलच्या सेटिंगमध्ये. नाही आलं तर खातं, किल्ली किंवा नाव. पाच मिनिटांत निम्मं रान मोकळं होतं.

विभागाचंही बघा. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा मध्य भारत विभाग २०१५ पासून पुण्यात आहे. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून. म्हणजे यंत्रं आपल्या उशाला आहेत. पण प्रत्येक मॉडेल प्रत्येक विभागात मिळतंच असं नाही, काही मॉडेलांसाठी परदेशातला विभाग लिहावा लागतो. भाटघरच्या काठावर राहून पाण्याची पाळी बारामती-फलटणची, हे आपल्याला काय नवीन सांगायचं!

आणि किल्ली. यावर मी जरा कडक बोलणार आहे. अडलं की स्क्रीनचा फोटो काढून दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकायचा, "हे काय येतंय बघा", ही सवय आपल्याला आहे. त्या फोटोत किल्ली दिसत असते. ती एटीएमच्या पिनसारखी आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणी काम केलं तरी बिल तुमच्या खात्यावर येतं, आणि खात्याला बऱ्याचदा घरातल्या कोणाचं तरी कार्ड जोडलेलं असतं. भाताच्या पट्टीवर घर चालवणाऱ्या बापाच्या कार्डावर असलं बिल आलं तर त्या पोराचं शिक्षण तिथंच थांबेल. किल्ली बाहेर गेली असं वाटलं की ती लगेच रद्द करून नवी काढायची. खर्चाचा इशारा लावून ठेवायचा, पण इशारा म्हणजे कुलूप नव्हे, तो फक्त कळवतो. कार्यशाळेत पहिल्या दहा मिनिटांत हे सांगायला पाहिजे. भाषण नंतर.

आता माझं खरं म्हणणं. "सर्व्हर डाऊन" हे उत्तर आपण इतकी वर्षं काउंटरवर ऐकलंय की पुढचा प्रश्न विचारायचं विसरलोय. कुठला सर्व्हर? कधीपासून? माझ्या बाजूनं काही राहिलंय का? ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. नोंद मुदतीत झाली नाही तर नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत सगळं अडतं. तोरण्याच्या पायथ्याच्या खाचरात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला नुसतं "पुन्हा प्रयत्न करा" म्हणून भागत नाही. रेंज नाही, गट नंबर जुळत नाही, की पलीकडचं यंत्र बंद आहे? तिन्हींवर उपाय वेगळा आहे. रेंज नसेल तर तो टेकाडावर चढेल. गट नंबर जुळत नसेल तर तलाठ्याकडं जाईल. यंत्रच बंद असेल तर मुदत वाढवून मागेल. प्रोग्रॅमरला चुकीचा आकडा मिळतो, मग शेतकऱ्याला मराठीत एक ओळ का मिळू नये? जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. त्यातून शेतकऱ्याच्या हातात आणखी ॲप येणार. ती एक ओळ आत्ताच मागून घ्यायला हवी, ॲप तयार झाल्यावर कोणी ऐकणार नाही.

आणि पोरांसाठी मागणी छोटी आहे. पुढच्या कार्यशाळेत आयोजकांनी एक तास फक्त मोडलेल्या सेटिंगला द्यावा. मुद्दाम चुकीची किल्ली, चुकीचं नाव, चुकीचा विभाग टाकून ठेवायचा आणि पोरांना शोधायला लावायचं. हार-तुरे कमी केले तर एवढा वेळ निघतो. खेड-शिवापूर, शिरवळच्या कंपन्यांत काय किंवा हिंजवडीत काय, बंद पडलेलं चालू करणाऱ्याला काम मिळतं, प्रमाणपत्र तर सगळ्यांकडंच असतं.

भोरमध्ये असा तास कोणी घेणार असेल तर कळवा, बातमी करायला मी येईन. आणि कोणाचं टूल आत्ता अडलेलं असेल तर आकडा पाठवा. फोटो पाठवलात तर किल्ली झाकून.