काजळावर कोणाचा हक्क?

हिंगणीत आमच्या गटातली एक विधवा मैत्रीण पार्लरचे काम शिकते आहे. मॅट आयशॅडो : पापणीवर आधी तपकिरी, कडेला काळा, मग रेघ दिसेनाशी होईतो ब्रशने मिसळायचा. चमकी नाही. दुसरीचे डोळे रंगवले की शाबासकी. स्वतःचे रंगवले, तर सासू म्हणाली, ‘कोनासाठी वं हे?’

बाजार बाईला नटवून विकतो, म्हणून १९९६ साली बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेला स्त्री-संघटनांनी विरोध केला. योग्यच होते. पण मीही तिला ‘हे कशाला?’ विचारले. सासूचाच प्रश्न, फक्त माझ्या तोंडी चळवळीची भाषा!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याविरुद्ध ठराव केला. तो त्या एका दिवसाचा झाला. पुढच्या तीस वर्षांच्या काजळाचे काय? मैत्रिणींनो, ग्रामसभेत ठराव मांडाल तेव्हा त्यात काजळही लिहा.