संशोधकाचा योगक्षेम

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एकाच आठवड्यांत दोन शुभवार्ता आल्या. धाकट्या बंधूंच्या कन्येस रसायनशास्त्रांत व थोरल्या बंधूंच्या नातवास इतिहासांत पीएच्. डी. साठीं प्रवेश मिळाला. पेढे दोघांचेही वाटले. परंतु रात्रीं पंक्तींत प्रश्न निघाला तो नातवाविषयींच : "पांच वर्षें याचा खर्च कोणीं चालवावयाचा?" मुलगा मान खालीं घालून ताकभात कालवीत राहिला. पुतणीविषयीं हा प्रश्न कोणास सुचलाही नाहीं. कारण प्रवेशाबरोबरच तिच्या मासिक वेतनाचा आकडाही कळला होता.

असें कां व्हावें? रसायनशाळेंत मार्गदर्शक अध्यापकास एखाद्या संशोधनकार्यासाठीं सरकारी खात्याकडून द्रव्य मिळतें, आणि मदतनीस विद्यार्थ्याच्या वेतनाची तरतूद पुष्कळदां त्यांतच असते. काचपात्रें धुण्यापासून यंत्रें राखण्यापर्यंत तेथें हात लागतात. इतिहासाचा विद्यार्थी दप्तरखान्यांत एकटाच मोडी कागद वाचीत बसतो. त्याच्या गुरूंचें त्याच्यावांचून कांहीं अडत नाहीं. मग त्याच्या पोटाची तरतूद कोण करणार?

दोघांस समान असा राजमार्ग एक आहे. 'नेट' परीक्षा विज्ञानाची निराळी व इतर विषयांची निराळी. पण तींत वरच्या गुणांनीं उतरणारास कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ति मिळते. जानेवारी २०२३ पासून ती पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये अशी झाली. विषय संस्कृत असो कीं पदार्थविज्ञान, रक्कम तीच! ही हुकली म्हणजे मात्र वाटा फुटतात. विज्ञानवाल्यास गुरूंच्या अनुदानाचा आधार राहतो. शिवाय २०१८ साली पंतप्रधान संशोधन शिष्यवृत्ति ७०,००० रुपयांपासून सुरू झाली, तीही विज्ञान व अभियांत्रिकी यांपुरतीच. इतरांस केंद्रीय विद्यापीठांत मासिक ८,००० रुपये. २०१५ च्या ऑक्टोबरांत तेही बंद करण्याचें ठरलें होतें; विद्यार्थी दिल्लींत अनुदान आयोगाच्या दारांत ठाण मांडून बसले, तेव्हां तें टिकलें. राज्यांच्या विद्यापीठांतून बहुधा तेवढेंही नाहीं. वर शुल्क भरावें लागतें.

द्रव्याअभावीं भल्याभल्यांची विद्या अडलेली आहे. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठांत गेले. पुढें लंडनचा अभ्यास चालू असतां ती मुदत संपली, आणि १९१७ साली त्यांस तो अर्धवट टाकून परतावें लागलें. मुंबईंत अध्यापन करून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचें साहाय्य व एका स्नेह्याचें कर्ज घेतलें, तेव्हां १९२० साली पुन्हां जातां आलें. 'डी. एस्सी.' १९२३ साली मिळाली.

आमच्या घरीं शेवटीं असें ठरलें कीं, शिष्यवृत्ति मिळेपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ठराविक रक्कम मुलाच्या खात्यांत आपण होऊन भरावी. त्यानें मागूं नये व कोणीं हिशेब विचारूं नये. बाहेरगांवच्या दप्तरखान्यांच्या फेऱ्यांचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनांतून.

"आणि डिसेंबरांत ती परीक्षा नाहीं साधली तर?" थोरल्या वहिनींनीं विचारलें.

"जूनमध्यें पुन्हां असते," आम्ही म्हटलें.