जिंकलेल्या जवानाला पुन्हा कोर्टात का खेचता?
भरतीच्या वेळी ठणठणीत असलेला जवान पुढे आजारापायी घरी पाठवला जातो. तो आजार सेवेमुळे झालेला नाही म्हणून अपंगत्व निवृत्तिवेतन नाकारायचे, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात हे स्पष्ट केले. तरीही ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारून वैद्यकीय मंडळे मोकळी होतात; कारण देण्याची तसदी क्वचितच. मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाची पायरी. तिथे जवान जिंकला, की संरक्षण मंत्रालय वरच्या कोर्टात हजर! मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंगत्व निवृत्तिवेतनावरची अशी अपिले मागे घ्या, असे सुचवले होते. ते किती मनावर घेतले गेले? जुलै 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला मंत्रालयाच्या सुमारे 300 याचिका एकगठ्ठा फेटाळाव्या लागल्या. खोटे दावे करणारेही असतील. त्यांना सकारण वैद्यकीय अहवालाने पकडा. साताऱ्याच्या एखाद्या निवृत्त हवालदाराला वकील परवडत नाही, सरकारी वकिलाची फी मात्र त्याच्याही करातून जाते. निकाली निघालेल्या मुद्द्यांवरची प्रलंबित अपिले मंत्रालयाने आता मागे घ्यावीत.